मिशी आणि करवंटी

पुणे
१८ फेब्रुवारी १९८५

श्री. हिंदुरावजी यांस,
नमस्कार.

"डोकं फुटलेला माणूस निमूट पडून असतो, मंदाकिनी, सांभाळावं लागतं ते त्याच्याबरोबर आलेल्या शाबूत डोक्यांना," असं आमच्या मेट्रनबाई मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. त्याला आता एकवीस वर्षं झाली. आठ तारखेला आपण वॉर्डातून ज्या तऱ्हेनं गेलात, त्यावरून त्यांची फार आठवण झाली.

मी मेंदूच्या वॉर्डाची सिस्टर. आपले चिरंजीव संभाजी यांना घरी सोडताना सूचनांचा कागद द्यावा म्हणून टेबलाकडे गेले. परत येते तो आपण औषधांच्या दुकानात, संभाजी आणि सूनबाई प्रेमलाबाई हडपसरच्या बसमध्ये आणि कागद माझ्या हातात. तो सोबत पाठवते आहे. पण कागद न वाचता घडी करून बंडीच्या खिशात ठेवण्याची आपली पद्धत मी पाहिली आहे, म्हणून बोलावं तसं लिहिते.

मळ्यातल्या इंजिनाचं हँडल उलटं फिरून संभाजींच्या कपाळाच्या वर, उजव्या अंगाला बसलं. कातडी फाटली, हाड आत गेलं आणि त्याच्याबरोबर माती, केस, डोक्याला बांधलेल्या टॉवेलचे धागेही गेले. डॉक्टर श्रीनिवास यांनी ती जखम किती धुतली ते मला माहीत आहे, कारण सलाईनच्या बाटल्या मी फोडून देत होते. हाडाचा चुरा टाकून द्यावा लागला. मेंदू सुजला होता. त्याला जागा मिळावी म्हणून शेजारचं तळहाताएवढं धड हाड काढलं आणि संभाजींच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तेव्हा आपण म्हणाला होता, "पोटात कशाला, डब्यात ठिवा की." हाडाला अंगाची ऊब लागते. ती डब्यात नसते.

एप्रिलच्या अखेरीला ते हाड जागेवर बसवायचं आहे. तोवर त्या जागी वर कातडी, खाली मेंदू, मध्ये काही नाही. दाराची चौकट, म्हशीचं शिंग, आपला स्वतःचा हात, काहीही तिथे लागता कामा नये. गोळ्या दोन वेळा, चुकवायच्या नाहीत. नाकातून पाण्यासारखं स्वच्छ गळू लागलं तर सर्दी समजून काढा देऊ नका, तडक इकडे आणा.

संभाजी कसे आहेत ते कळवावं.

आपली,
मंदाकिनी

*

मळा, हडपसर
२६ फेब्रुवारी १९८५

सिस्टरबाईंना हिंदुरावाचा रामराम.

सून लिहितीया, मी सांगतोय. चष्मा हाय, पर अक्षर न्हाई.

संभाजी बरा हाय. गोळ्या चालू हायत. तुमचं ऐकलं, आता आमचं ऐका. बाई, बाप जिता असताना लेकाची मिशी काढत न्हाईत. ती एकदाच काढायची, बाप गेल्यावर. तुमच्या पेठांत हे ठाऊक नसंल, हडपसरात म्हशीला बी ठाऊक हाय.

त्या दिवशी मी औषधाला मागं राहिलो. ही दोघं भाजीबाजारात उतरली. पोराचं डोकं तासलेलं, मिशी सपाट, खांद्यावर टॉवेल, उन्हानं डोळ्यांना पाणी. संगं सून, तिचं तोंड उतरलेलं. आन् बाप कुठं? दिसंना. झालं. गाळ्यावरच्या शकूमावशीनं तिथंच गळा काढला. संभाजीला धड बोलायला येत नव्हतं, त्यानं नुसती मान हलवली.

मी दिवेलागणीला घरी आलो तर दारात सतरंजी. वीस-पंचवीस माणूस मान खाली घालून बसलेलं. मी बी चपला काढल्या, कडंला बसलो, शेजारच्याला हळूच इचारलं, "कोण गेलं?" त्यानं माझ्याकडं बघितलं आन् जो उठून पळाला तो थेट मारुतीच्या देवळात.

तवापासून रोज सकाळी दोन तास मी चावडीवर बसतोय, का तर लोकांना दिसावं. तरी वाघोलीहून काल पाव्हणं आलं. त्यांना मीच चहा दिला. त्यांनी पिला न्हाई.

आता एकच सांगा. दवाखान्यात माझ्या लेकाची मिशी कुणी काढली? नाव पाहिजे. नाव कळल्याबिगर ह्यो इषय मिटणार न्हाई.

हिंदुराव

(पुढचं माझं आहे, बाई. मामंजी तंबाखू आणायला आत गेलेत. हे खोकले की डोक्यावरची ती जागा वर उचलते, मला बघवत नाही. नुसता टॉवेल गुंडाळून हिंडतात. वरनं काय बांधू ते सांगा. – प्रेमला)

*

पुणे
४ मार्च १९८५

श्री. हिंदुरावजी यांस,
नमस्कार.

आपण हयात आहात हे आपल्याच पत्रातून कळलं, समाधान वाटलं.

मिशीबद्दल: चौकशी चालू आहे. आमच्याकडे चौकशा सावकाश चालतात. नाव कळलं की कळवीन. मात्र दर पंधरा दिवसांनी आपण स्मरणपत्र पाठवत राहावं आणि त्यात संभाजींची प्रकृतीही लिहावी, म्हणजे चौकशीला गती येते.

एप्रिलअखेरची तारीख लक्षात असू द्यावी. चुऱ्यामुळे पडलेलं थोडं भोक हाड बसवल्यावरही उरेल. त्याला डॉक्टर एका प्रकारचं सिमेंट लावतात. ते गळत नाही, त्याला पाणी मारावं लागत नाही. आपण विचाराल म्हणून आधीच लिहिलं.

आपली,
मंदाकिनी

(प्रेमलाबाई, हे मोठ्यानं वाचू नका. खोकताना जागा उचलते ते स्वाभाविक आहे, घाबरू नका. नुसती फुगून राहिली आणि उलट्या झाल्या तर मात्र लगेच आणा. वरून काहीतरी कडक आणि हलकं बांधा. त्याची कड धड हाडावर टेकली पाहिजे, मधल्या जागेला स्पर्श नको. घरात असेल त्यातून शोधा. तुम्हाला सापडेल.)

*

मळा, हडपसर
२० मार्च १९८५

सिस्टरबाईंना रामराम.

चौकशीचं काय झालं?

इकडं नवीनच. माझा धाकटा भाऊ दत्तोबा कात्रजला राहतो. बांधावरनं आमचं बोलणं अकरा वर्सं बंद. त्याला आता कुणीतरी सांगितलं, हिंदुराव गेला. तर गडी रडत आला. कोपऱ्यापासनं दादा दादा करत आला आन् मी अंगणात कडबा रचतोय. मला बघून थांबला. म्हणला, "जिता हाईस व्हय? मग माणूस पाठवून सांगायला काय झालं हुतं?" ह्यावरनं आमचं पुन्यांदा भांडण झालं. जेवणापतूर चाललं. आता रोज येतो, रोज भांडतो.

दुसऱ्या आपरेशनाचं आम्ही ठरवलं. करायचं न्हाई. पुन्हा डोकं भादरणार, पुन्हा मिशी. मी एका वर्साला दोनदा मरणार न्हाई. हाड काय कुठं पळून गेलंय? त्याच्या पोटात हाय, म्हंजे घरातच हाय.

हिंदुराव

(बाई, मी प्रेमला. आप्पांनी, म्हणजे दत्तोबामामंजींनी, भेट झाल्याबद्दल मारुतीला नारळ फोडला. त्याची मोठी करवंटी मी मागून घेतली. काचेनं खरवडली, कडेला कापसाची वळी शिवली आणि यांच्या फेट्याच्या आत बसवली. बरोबर बसली. परवा धार काढताना म्हशीनं मान झटकली, शिंग फेट्यावर आलं. टक्‌ असा आवाज झाला. करवंटीला चीर गेली, यांना काही झालं नाही. मी तिथंच शेणात बसले.

हे मला म्हणाले, प्रेमा, मला हाड बसवून घ्यायचंय, पण आबांपुढं बोलायचं कसं. चाळीस एकर उसाला पाणी देणारा माणूस, बापापुढं अजून दारामागं उभा राहतो. आता तुम्हीच काहीतरी करा. दुसऱ्यांदा शिंग कुठं लागेल ते मला सांगता येत नाही.)

*

पुणे
२६ मार्च १९८५

श्री. हिंदुरावजी यांस,
नमस्कार.

बंधूंची भेट झाली, आनंद वाटला. चौकशीत असं दिसतं की ती मिशी गेली नसती तर ते आले नसते. हे मी चौकशीच्या कागदात लिहिलेलं नाही, फक्त आपल्याला कळवते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत मिशीला हात लागणार नाही. तसं मी सहीनिशी लिहून देते. डोक्याचे केस मात्र काढावे लागतील. हाड पोटात फार दिवस राहिलं तर झिजतं, मग ते जागेवर बसत नाही. घरातच आहे हे खरं, पण घर चुकीचं आहे.

आपली,
मंदाकिनी

(प्रेमला, आता अहोजाहो पुरे. हे अजिबात मोठ्यानं वाचू नकोस. डोकं भादरलं तरी लोकांनी मेल्याचं म्हणू नये, अशी एकच वाट मला दिसते: घरात सगळ्यांनी सांगायचं की संभाजी बालाजीला जाऊन आले. नवसाला बाप असला काय, नसला काय, केस देतातच. लाडू मी इथून करून पाठवीन, बेदाणे जास्त घालून.

आणि आणखी एक. मिशी मीच काढली. नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की तुझे मामंजी पत्रं पाठवायचं थांबवतील, आणि पत्रं थांबली की संभाजी कसे आहेत ते मला कोण सांगणार?)

*

मळा, हडपसर
२ एप्रिल १९८५

सिस्टरबाई यांना दत्तोबाचा नमस्कार.

सूनबाई दळणाला गेली हुती तवा पोस्टमन आला. दादानं पत्र माझ्या हातात दिलं. मी चौथी पास हाय, समदं वाचलं. "हे अजिबात मोठ्यानं वाचू नकोस" हे बी मोठ्यानं वाचलं. तवर मला वाटत हुतं दादाचंच पत्र हाय, पुढं वाचल्यावर कळलं, हे सूनबाईला हाय.

दादानं पत्र माझ्या हातातनं घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणला, "देवाच्या नावावर खोटं? माझ्या घरात?" सूनबाई पीठ घेऊन आली, तिच्या हातातनं डबा पडला. दादा उठून देवाजवळ गेला, हात जोडून म्हणला, "खोटं बोलायचं न्हाई. म्हंजे खरंच जायला पायजे." तर आता दादानं बालाजीला केस कबूल केलेत. चौदा तारखेला आम्ही चौघं निघतोय. संभाजीचं डोकं तिथंच भादरून चोवीसला थेट तुमच्याकडं आणतो. तुमचं बी काम वाचंल. लाडू आम्ही आणतो, तुमचे नकोत.

तुमच्याबद्दल दादा काय म्हणला ते लिहू का म्हणून मी इचारलं. दादा म्हणला, लिहू नको.

दत्तोबा

*

पुणे
५ एप्रिल १९८५

श्री. हिंदुरावजी यांस,
नमस्कार. हे पत्र सगळं मोठ्यानं वाचावं. यात काही लपवलेलं नाही.

संभाजींचं डोकं तिथे भादरू नका. त्या जागी कातडीखाली हाड नाही. बाहेरचा वस्तरा जरासा लागला तरी जखम होते, जखमेत जंतू शिरतात, आणि मग डॉक्टर श्रीनिवास आपल्याला दारातूनच परत पाठवतील. गेल्या वर्षी सोलापूरचे एक गृहस्थ मुलाला असेच घरी तासून घेऊन आले होते. काम वाचवायला. त्यांना सहा आठवडे थांबावं लागलं. केस आम्ही इथे, शस्त्रक्रियेच्या सकाळी काढतो.

आपण नवस बोललात, तो मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त विचारते: केस कबूल केलेत ते कुणाचे, हे देवाला सांगितलं आहे का? आपले वडील वारून पुष्कळ वर्षं झाली, असं प्रेमला सांगत होती. आपल्या डोक्याला कसलीच आडकाठी नाही. शिवाय, भादरलेल्या मुलाशेजारी भादरलेला बाप स्वतःच्या पायांनी बाजारातून चालत गेला, तर तो वारला असं शकूमावशीसुद्धा म्हणणार नाहीत.

आपली,
मंदाकिनी

*

मळा, हडपसर
१९ मे १९८५

ताईंना प्रेमलाचा नमस्कार.

आज मामंजी सांगत नाहीत, मीच लिहिते. ते ओसरीवर आहेत.

यांचे टाके छान सुकले. डोकं गोल झालं. रोज सकाळी हात लावून बघते, कडक लागतं. पोटावरची खूण ते सगळ्यांना दाखवत हिंडतात, बायकांना सुद्धा, मी ओरडले तेव्हा थांबले. काल इंजिनापाशी गेले होते, पण हँडल आप्पांनी मारलं.

बालाजीला काय झालं ते तुम्हाला मी वॉर्डात सांगितलं नाही, मामंजी जवळ होते म्हणून. आप्पांनी तुमचं पत्र तिथं गाडीत पुन्हा एकदा वाचलं. मामंजी म्हणाले, बाईनं कायद्यात पकडलं. रांगेत उभे राहिले, केस दिले. न्हावी थांबला आणि त्यानं खुणेनं विचारलं, मिशी? तर मामंजींनी हनुवटी वर केली, काढ म्हणून. चाळीस वर्षांची मिशी, ताई. मी तोंडात पदर धरला. हे बघत होते, एकदम रडायला लागले. मामंजी त्यांना म्हणाले, "रडतो कशाला? तुझी गेली तवा मी रडलो का?" रडले होते, मी बघितलं होतं.

वॉर्डातून सुटून परत आल्यावर बाजारातून दोघे चालत गेले. दोघांचंही डोकं फेट्याबाहेर, मुद्दाम. यांच्या डोक्याला पट्टी. शकूमावशीनं आधी यांच्याकडं बघितलं, मग मामंजींकडं, मग आप्पांकडं, आणि म्हणाली, "म्हंजे आता नेमकं कोण गेलं?" आप्पांनी लाडू दिला तेव्हा गप्प झाली.

आता रोज सकाळी बाप-लेक एका आरशात मिशा बघतात. यांची पुढं आहे. मामंजी म्हणतात, पोराला सलाईनचं खत मिळालंय.

एक सांगायचं राहिलं. वॉर्डात बारा दिवस मामंजी तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, भिंतीकडं बघायचे, ते मनाला लावून घेऊ नका. घरी येताना आप्पांपुढं शपथ घेतली की वॉर्डाच्या जिन्याची पायरी पुन्हा चढणार नाही. करवंटी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आहे, चिरेसकट. रोज कुंकू लावतात. मी विचारलं, ही कशाला, तर म्हणाले, "माझ्या लेकाच्या हाडाची जागा हिनं राखली." सोबत काकवीची बाटली आप्पांबरोबर पाठवते. बाटली भरून मामंजींनी दिली. कुणाला द्यायची ते बोलले नाहीत.

तुमची,
प्रेमला

*

पुणे
१० जून १९८५

श्री. हिंदुरावजी यांस,
नमस्कार. काकवी पोचली. वॉर्डात सात जणींनी खाल्ली. बाटली धुऊन ठेवली आहे.

चौकशी पूर्ण झाली. निकाल आपल्याला आधीच कळलेला आहे, पण कारण कळलेलं नाही. ते आपण विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही, तेव्हा आज सांगते.

संभाजींना आणलं तेव्हा त्यांचा श्वास घुटमळत होता. तोंडातून नळी घातली. ती पट्टीनं ओठावर चिकटवायची असते. मिशीत माती, रक्त आणि खोबरेल. पट्टी धरेना. दोनदा नळी निसटली. एरवी आम्ही फीत मानेमागून घेऊन बांधतो, एप्रिलमध्ये तशीच बांधली. पण मेंदू सुजलेल्या माणसाच्या मानेभोवती काही आवळलं तर रक्त वरच अडतं, सूज वाढते. तेव्हा वस्तरा घेतला. मिशीचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. आम्ही पेठेतली माणसं असलो तरी माझेही वडील वारले तेव्हा भावानं काढली होती. वस्तरा हातात असताना तेच डोळ्यांपुढे आलं होतं. बाहेर बाकावर आपण बसला होता, आणि मी आत आपण नसल्यासारखं करत होते. बाहेर येऊन विचारलं असतं तर आपण निदान चार मिनिटं बोलला असता. संभाजींकडे तेवढी नव्हती.

नाव लपवलं ते मात्र माझ्या सोयीसाठी. रागावलेला माणूस पत्राला उत्तर देतो, हे मला अनुभवानं माहीत आहे. समाधानी माणसं घरी गेली की पुन्हा कधी काही कळवत नाहीत. ती बरी आहेत की नाहीत, हे मी एकवीस वर्षं नुसतं धरून चालत आले आहे. आपण चार महिने भांडलात, त्यामुळे एका तरी डोक्याचं शेवटपर्यंत समजलं.

आता मुख्य गोष्ट. संभाजींच्याच कॉटवर परवा वाघोलीकडचा एक तरुण आला आहे, संपत. विहिरीचा रहाट डोक्यात पडला. तीच बाजू, तेच धुणं, हाड पोटात. आणि मिशी गेली. त्याचे वडील, गेनबा, बाहेर बाकावर आहेत. या वेळी मी स्वतः जाऊन नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. लेकाला हाडासकट घरी नेतो म्हणतात, गुरुवारी बैलगाडी येते आहे. डॉक्टर श्रीनिवास त्यांच्याशी मेंदूबद्दल अर्धा तास बोलले. गेनबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर मिशी?" याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही. माझ्याकडेही नाही, कारण मला मिशी नाही.

ते उत्तर आपल्या ओठावर दीड महिन्यापासून उगवतं आहे.

आपण शपथ घेतली आहे, ते मला माहीत आहे. करवंटी देव्हाऱ्यात आहे, तेही माहीत आहे. आपण नाही म्हणणार, आणि ते आप्पांकडून लिहवून घेणार, म्हणजे त्यात एकही शब्द गळणार नाही. तरी विचारते: गुरुवारी अकराच्या आत येऊन गेनबांच्या शेजारी त्या बाकावर बसाल का? माझ्याशी बोलू नका, भिंतीकडे बघा. पण येताना देवाला सांगून ती करवंटी पिशवीत घालून आणा.

आपली,
मंदाकिनी